डेपोभर भोपळे

त्या बसडेपोत काकूंचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायची कुणाला कधी गरजही पडली नाही. भात वाढायचा लांब दांड्याचा डाव त्यांच्या हातात चोवीस तास असायचा. कुणाला बोलवायचं तर डाव हलायचा, कुणाला हाकलायचं तरी डावच. ड्रायव्हर मंडळींनी त्यांचं डावकाकू असं बारसं करून टाकलं होतं. काकूंनी सुरुवातीला डोळे वटारले, पण नंतर त्याच हाकेला ओ द्यायला लागल्या.

त्या कँटीनमध्ये आल्या त्याही अशाच, ध्यानीमनी नसताना. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. एकदा तो डबा घरी विसरला, म्हणून तो द्यायला काकू आल्या, तर कँटीनचा आचारी कुणाशी तरी भांडून निघून गेलेला, शेगडीवर डाळ करपायला लागलेली आणि माणसं रिकामी ताटं घेऊन रांगेत उभी. करपलेल्या डाळीचा वास काकूंना सहन होत नाही. त्यांनी शेगडी बारीक केली, डाव हातात घेतला, आणि तो मग खाली ठेवलाच नाही. नवरा निवृत्त होऊन बाल्कनीत पेपर वाचत बसायला लागला, तरी काकूंची ड्यूटी चालूच. "मी नुसती गाडी चालवली, ही डेपो चालवते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे काकूंना अजून कळलेलं नाही.

काकूंना दोन गोष्टींचा राग होता. एक, ताटात टाकलेलं अन्न. त्यांच्या लहानपणी घरात खाणारी तोंडं फार आणि पातेलं लहान. ताटात शीत राहिलं तर आई बोलायची नाही, नुसतं बोट दाखवायची. ते बोट काकूंच्या मनातून कधी गेलं नाही. दुसरा राग शिळ्या भाजीचा. कुठून तरी लांबून ट्रकातून दोन-दोन दिवस प्रवास करून आलेली, मान टाकलेली भाजी बघितली की त्या म्हणायच्या, "हिला आधी झोपू द्या, दमून आलीय."

म्हणून त्यांनी एक सोय लावली होती. पहाटेची पहिली गाडी शहराच्या टोकाला, नदीकाठच्या मळ्यांपर्यंत जायची आणि येताना जवळजवळ रिकामी यायची. शेवटच्या थांब्यावर मळेकरी बायका टोपल्या घेऊन उभ्या राहायच्या. कंडक्टर त्या टोपल्या मागच्या सीटवर ठेवायचा आणि रीतसर लगेजचं तिकीट फाडायचा. दव न सुकलेला पालक, मातीसकट गाजरं, कोवळी काकडी, सगळं तिकीट काढून डेपोत उतरायचं. "आमची भाजी फुकटी नाही," असं काकू अभिमानानं सांगायच्या.

भाजी चिरायला होती त्यांची नणंद. ती लहानपणापासून आपल्या भावाची लाडकी आणि म्हणून भावजयीच्या डोळ्यात सलणारी. दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. दिवसभर एकमेकींच्या चुका काढायच्या, आणि एक जण रजेवर गेली की दुसरीला जेवण जायचं नाही. असं सगळं छान चाललं होतं. मग नव्या मॅडम आल्या.

मॅडम डेपोच्या मॅनेजर. वयानं काकूंच्या मुलीएवढ्या, बोलायला कमी, बघायला तेज. आल्या आल्या त्यांनी कँटीनच्या मागची गल्ली बघितली. तिथे साली, देठं, खरकटं यांची पिंपं भरून वाहत असायची. नेणारी गाडी मनात येईल तेव्हा यायची. माशा घोंघावायच्या, आणि उंदीर तर असे गलेलठ्ठ, की मांजरं त्यांना वाट द्यायची. काकू आत स्वयंपाकघर आरशासारखं ठेवायच्या, पण मागच्या गल्लीकडे त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. आपण झाडतो ते घर, आणि दाराबाहेर पडलं ते जगाचं, अशी आपली सगळ्यांचीच रीत.

एका सकाळी वर्कशॉपजवळ उभी असलेली एक गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडलं तर आतल्या वायरी कुरतडलेल्या. प्रवासी ताटकळले, आरडाओरडा झाला. मॅडमनी काकूंना ऑफिसात बोलावलं. खिडकीत गुलाबाच्या कुंड्या होत्या, टेबलावर कुरतडलेली वायर ठेवली होती.

"काकू, जेवणाबद्दल माझी तक्रार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण हे उंदीर तुमच्या कचऱ्यावर पोसलेत. उद्या चालत्या गाडीत असं झालं तर? एक वर्ष देते. कचरा आवरला नाही, तर हे स्वयंपाकघर बंद. मग बाहेरून ठेकेदाराचे डबे येतील."

काकूंना उलट बोलायचं होतं, पण समोर वायर होती. त्या खाली आल्या आणि कितीतरी वेळ शेगडीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर बंद म्हणजे काय, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. शेगडी थंड, टोपल्या शेवटच्या थांब्यावर पडून, नणंद घरी बसून भिंतीशी भांडतेय, आणि आपण बाल्कनीत पेपर वाचणाऱ्या नवऱ्यासमोर. ते शेवटचं चित्र दिसलं आणि त्यांनी पदर खोचला.

कचऱ्याचं खत करतात एवढं काकूंनी ऐकलं होतं. त्यांनी वर्कशॉपमधून रिकामी पिंपं मागितली, मेकॅनिककडून त्यांना भोकं पाडून घेतली आणि भिंतीला लावून उभी केली. साली, देठं पिंपात, वर डेपोतल्या झाडांचा वाळका पाचोळा, पुन्हा साली, पुन्हा पाचोळा, वर घट्ट झाकण. आधी पाचोळा कमी पडला तेव्हा असा वास सुटला की नणंद नाकाला पदर लावून म्हणाली, "वहिनी, याच्यापेक्षा उंदीर बरे होते." मग पाचोळा वाढवला, वास गेला. गल्ली धुऊन काढली. उंदरांचं दाणापाणी तुटलं आणि ते जिकडून आले तिकडे निघून गेले. मांजरं पुन्हा ताठ मानेनं फिरू लागली.

आता इथपर्यंत सगळं सरळ झालं होतं. पण डेपोतली माणसं ती! त्यांना जन्मात एकाच गोष्टीची भीती, ती म्हणजे आग. डिझेलच्या टाकीशेजारी आयुष्य काढलेलं, दर महिन्याला शिट्टी वाजवून आगीची तालीम करून घेतलेली. एका थंड सकाळी कुणीतरी पिंपाचं झाकण उघडलं आणि आतून भसकन वाफ निघाली. "धूर! धूर!" असा गलका झाला. क्षणात बादल्यांची रांग लागली, नळी जोडली गेली, काकू स्वतः पातेलं घेऊन धावल्या. पिंपं अशी भिजवली की खालून पाणी वाहायला लागलं. कुठे काही जळलं नाही म्हणून सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. त्या दिवसापासून काकूंनी नियमच केला. पिंप जरा गरम लागलं की ओता पाणी. डोळ्यांत तेल घालून त्या कचऱ्याला थंड ठेवत होत्या.

खत तयार झालं. काळंभोर, हाताला ओलसर, पावसाळी मातीच्या वासाचं. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी ते गोण्या भरभरून वाटलं. स्टाफ क्वार्टर्समधल्या बाल्कन्यांतून, तिकीटघराच्या शेजारच्या वाफ्यात, फाटकासमोरच्या चौकातल्या गोल बागेत, जिथे माती दिसेल तिथे. एक गोणी मॅडमच्या गुलाबांनाही गेली. मॅडमनी चक्क आभार मानले. काकू दोन दिवस जमिनीवर चालत नव्हत्या. हात दाखवून अवलक्षण करून घेणं कशाला म्हणतात, ते कळायला थोडा अवकाश होता.

काही आठवड्यांनी क्वार्टर्समधून बातम्या येऊ लागल्या. कुणाच्या मोगऱ्यात जाडजूड दोन पानं फुटली. कुणाच्या कोथिंबिरीला पिवळी फुलं आली, तीही ताटलीएवढी. कँटीनमध्ये भाजीला भोपळा वरचेवर व्हायचा आणि त्याच्या बिया सरळ पिंपात जायच्या. त्या बिया पिंपात मेल्या नव्हत्या. थंडगार, ओल्या, सुखात राहून त्या खताबरोबर घरोघर गेल्या होत्या.

मग भोपळ्यांनी डेपो काबीज केला. वेल ग्रिलवरून वरच्या मजल्यावर गेले, तिथून शेजाऱ्याकडे. तिकीटघराच्या छपरावर एक चढला. मोडीत काढलेल्या एका बसमध्ये एक वेल खिडकीतून शिरला आणि थेट ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला. सगळीकडे भोपळेच भोपळे. एका ड्रायव्हरला सगळे गॉगल म्हणायचे, कारण तो छपराखालीही गॉगल काढायचा नाही. तो रोज रांगेत उभा राहून म्हणायचा, "काकू, आज कपडे वाळत घालायला जागा नव्हती, भोपळ्यावरच घातले." नवरा म्हणायचा, "माझ्या खुर्चीवर बसतो तो. पेपरही आधी वाचत असेल." नणंदेला तर पर्वणीच होती. आणि काकू? ज्यांचा डाव कधी खाली आला नव्हता, त्या मान खाली घालून भात वाढत होत्या.

शेवटी एका पहाटेच्या गाडीनं त्या स्वतः मळ्यांवर गेल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या मळेकरणीला त्यांनी सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. "अगं बाई, वाफ म्हणजे खत जेवत असतं! त्या उष्णतेनंच तर बी मरतं. आणि तू त्याच्या ताटात पाणी ओतलंस?"

काकू परतल्या त्या तडक मॅडमच्या ऑफिसात. गुलाबाच्या कुंडीतून एक वेल निघून खिडकीच्या गजांवर चढला होता.

"मॅडम, चूक माझी," काकू म्हणाल्या. "वाफेला आग समजले. बिया जिवंत राहिल्या. तुमच्या गुलाबांत घुसलेला तो माझाच आहे. उपटून टाकते."

"राहू द्या," मॅडम वेलाकडे बघत म्हणाल्या. त्या हसल्या की काय, ते काकूंना नक्की कळलं नाही. मग फायलीत मान घालून त्या म्हणाल्या, "वर्ष संपत आलंय, काकू. ठेकेदाराला मी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. एक दिवस त्यांचा, दुसरा दिवस तुमचा. चवीवर भांडणं नकोत. जेवणानंतर मागे काय उरतं आणि किती उरतं, ते पार्सल ऑफिसच्या काट्यावर तोलणार. ज्याचं जास्त, त्यानं जायचं."

ठेकेदाराच्या दिवशी छोटा टेम्पो आला. चकचकीत डबे, प्रत्येकात कप्पे, वर चांदीसारखा कागद, सोबत प्लास्टिकचा चमचा. खोटं कशाला बोला, जेवण वाईट नव्हतं. गॉगलनं तर दोन डबे खाल्ले आणि काकूंकडे बघायचं टाळलं. पण डबा सगळ्यांना एकाच मापाचा. सहा फुटी मेकॅनिकला तेवढाच आणि चिमणीएवढं खाणाऱ्या तिकीटबाईलाही तेवढाच. कुणी भात टाकला, कुणी भाजी, आणि डबे तर सगळ्यांनीच टाकले. पार्सल ऑफिसच्या काट्यावर गोण्यांवर गोण्या चढल्या. ठेकेदार शांत होता. म्हणाला, "आमची गाडी सगळं घेऊन जाते, मॅडम. तुमच्या डोळ्यांसमोर काही राहणार नाही."

ते ऐकून काकूंचा धीर खचला. घेऊन जातो म्हटलं की काम संपलं, असंच सगळे मानतात. त्याही वर्षानुवर्षं तेच मानत होत्या.

दुसऱ्या दिवशी काकूंची पाळी. डाळ शिजत होती, तांदूळ धुतलेले होते, आणि काकू नि नणंद टोपल्यांची वाट बघत होत्या. पहिली गाडी यायची वेळ टळली. मग फोन आला. नदीवरच्या पुलावर काम निघालं होतं, वाहतूक बंद, गाडी पलीकडे अडकली, दुपारशिवाय येणार नाही. म्हणजे आज भाजी नाही. आजच नाही!

काकू तांदळाच्या पोत्यावर मटकन बसल्या. "संपलं," त्या म्हणाल्या. "भात-डाळ वाढायची आणि नमस्कार करून घरी जायचं."

नणंद दाराशी उभी राहून बाहेर बघत होती. बघता बघता ती एकदम वळली.

"वहिनी, तुमचं डोकं फिरलंय का? भाजी नाही म्हणता? ते छपरावर काय आहे?"

तिकीटघराच्या छपरावर एक केशरी भोपळा उन्हात पाठ शेकत बसला होता. काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग मोडक्या बसकडे बघितलं. मग उठल्या, डाव उचलला आणि तशाच कंट्रोल रूमच्या दिशेनं धावल्या.

रोज गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या बाईंनी त्याच गोड, निर्विकार आवाजात माइकवर सांगितलं, "कृपया लक्ष द्या. ज्यांच्या ज्यांच्या घरी भोपळा आहे, त्यांनी तो ताबडतोब कँटीनमध्ये जमा करावा. पुन्हा सांगते, भोपळा." फलाटावरच्या प्रवाशांनी एकमेकांकडे बघितलं. डेपोच्या माणसांनी मात्र क्षणभरही विचार केला नाही. आगीच्या तालमीत तयार झालेली माणसं ती. बादल्यांसाठी लागायची तशी रांग क्वार्टर्सपासून कँटीनपर्यंत लागली आणि हातोहात भोपळे येऊ लागले. हिरवे, केशरी, चपटे, लांबोडके. गॉगल मोडक्या बसमध्ये चढला आणि सीटवरचा भोपळा काढून, त्याला सलाम ठोकून घेऊन आला. सगळ्यात शेवटी काकूंचा नवरा आला. बाल्कनीतला सगळ्यात मोठा भोपळा त्यानं नातवंडासारखा कडेवर घेतला होता.

"घे," तो धापा टाकत म्हणाला. "खुर्ची मोकळी झाली एकदाची." आणि मग तो गेला नाही. बाह्या सरसावून साली काढायला बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या हातात सुरी काकू पहिल्यांदा बघत होत्या.

त्या दिवशी काकूंनी भोपळ्यातलं खाण्याजोगं काही म्हणजे काही सोडलं नाही. गराची भाजी केली. पिकून मऊ झालेल्यांचं दाटसर सूप केलं. कोवळ्या साली बारीक कापून कुरकुरीत तळल्या. आणि बिया! ज्या बियांनी अब्रू घालवली होती, त्या धुऊन, मीठ लावून, खरपूस भाजल्या आणि कागदाच्या पुड्यांत बांधल्या. ड्यूटीवर निघालेल्या प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरच्या खिशात एकेक पुडी गेली. वाढताना काकू डाव उगारून प्रत्येकाला विचारत होत्या, "भूक किती?" आधी थोडंच वाढायचं, मग मागाल तितक्यांदा. मेकॅनिक पाच वेळा आला. तिकीटबाई एकदाच. ताटं परत येत होती ती जणू धुतलेलीच. एकानं कडेला दोन घास ठेवले होते. काकूंनी काही न बोलता नुसतं बोट दाखवलं. त्यानं उभ्यानंच ते संपवले.

दुपारी पार्सल ऑफिसात गर्दी झाली. काट्यावर काकूंची बादली चढली. देठं, जून साली आणि आतला दोरेदार गर. ठेकेदाराच्या गोण्यांपुढे ती बिचारी लाजत होती.

"पण कचरा तो कचराच," ठेकेदार म्हणाला. "तो इथेच राहणार. उंदीर पुन्हा येतील. आमचा निदान जातो तरी."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. "जातो म्हणजे कुठे जातो?"

"शहराबाहेर."

"शहराबाहेर कुठे?"

ठेकेदारानं हात हलवला. त्याला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूंना मात्र आपला कचरा कुठे जातो ते माहीत होतं. त्यांनी बादली उचलली आणि सगळ्यांना मागच्या गल्लीत नेलं. गल्ली कोरडी, स्वच्छ. एक मांजर ऐसपैस झोपलेलं. मळ्यावरून आल्यापासून पाणी न ओतलेल्या पिंपाचं झाकण काकूंनी उघडलं. आतून भसकन वाफ वर आली. सवयीनं दोघेतिघे बादलीकडे धावले.

"हात लावाल तर याद राखा!" काकूंनी डाव उगारला. "जेवतंय ते."

मॅडमनी वाफेवर हात धरला, उष्णता बघितली, मान हलवली आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. गर्दी कुजबुजत पांगली. हो म्हणाल्या की नाही, कुणालाच कळेना.

संध्याकाळी पातेली घासून पालथी घातली. नवरा साली काढून काढून बोटाला चिंध्या बांधून बसला होता, पण घरी जायला तयार नव्हता. काकूंनी कोपऱ्यातली आपली कापडी पिशवी घेतली. खिळ्यावरचा डाव काढला, पुसला आणि पिशवीत ठेवला. नणंदेनं ते बघितलं आणि भांडायला तोंड उघडलं, पण तिला रडूच कोसळलं. "आता माझ्याशी भांडणार कोण, वहिनी?" ती म्हणाली. काकूंच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्यांनी कांद्यावर ढकललं, कांदा कुठे नसतानाही.

तेवढ्यात दारात मॅडम आल्या. त्यांच्या कडेवर एक भोपळा होता. फार मोठा नाही, पण गोल गरगरीत, फडक्यानं पुसून लखलखीत केलेला. गुलाबाच्या कुंडीतला. सकाळी माइकवर एवढी हाक झाली तेव्हा हा काही खाली आला नव्हता, हे काकूंच्या लगेच लक्षात आलं.

"आज देता येत नव्हता," मॅडम म्हणाल्या. "काटा माझ्या हातात होता ना. माझाच भोपळा तुमच्या पातेल्यात गेला असता, तर ठेकेदार काय म्हणाला असता?"

त्यांनी भोपळा ओट्यावर ठेवला आणि बाजूला सरकल्या.

"हा उद्याच्या भाजीला," त्या म्हणाल्या.

उद्याच्या! काकूंनी तो शब्द ऐकला, आणि नणंदेनं, आणि चिंध्या बांधलेल्या नवऱ्यानंही. मग नणंद एकदम हसत सुटली आणि तिनं काकूंना अशी मिठी मारली की पिशवी खाली पडली.

दारातून वळून मॅडम म्हणाल्या, "बिया मात्र मला परत हव्यात. भाजू नका."

"कशाला मॅडम?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या वर्षी लावायला."

काकूंनी खाली वाकून पिशवीतून डाव काढला आणि पुन्हा खिळ्याला अडकवला.